रिपोर्टवर कुणाचं नाव

भाऊजी, तुमची खोली आवरून झाली. कपडे दिले. परत करण्यासारखी औषधं दुकानात परत केली, उरलेली टाकली. हॉस्पिटलच्या फायली एका खोक्यात बांधून ठेवल्यात. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे सगळं काढून बसले म्हणून तुमचे दादा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचं गप्प बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत. मला हाताला काम नसलं की बसवत नाही, आणि त्यांना अशा दिवसांत काम करणारं माणूस बघवत नाही. चालायचंच.

पुस्तकांच्या मागे खाऱ्या लवंग सेवची पुडी मिळाली. अर्धी संपलेली, तोंडाला रबर बँड लावलेला. तुमच्या डब्यातलं मीठ मी चिमटीत धरून घालत होते, भाजीतला बटाटा दोनदा पाण्यातून काढत होते, आणि तुम्ही माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर सेव खात होतात. आधी इतका संताप आला की पुडी घेऊन जिना उतरून दादांना दाखवायला निघाले. मग अर्ध्या जिन्यात बसले आणि ती सेव मीच खाऊन टाकली.

बाकी सगळं झालं. एकच काम राहिलं होतं. तो लहान लॅपटॉप. त्याच्यात आपण गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर घातलं, तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले, आणि अगदी शेवटच्या स्क्रीनवर येऊन थांबलो. रिपोर्टवर कुणाचं नाव छापायचं, हे विचारणारा चौकोन रिकामाच राहिला होता. तुमचं म्हणणं, माझं नाव घाला. माझं म्हणणं, तुमचंच. तो भरला नाही तर गाडीची तपासणी होते, पण रिपोर्ट निघत नाही. आणि रिपोर्टच नसेल तर हे काम बंद झाल्यातच जमा आहे. दादा म्हणायचे, "राहू दे ना आता. कोण करणारे ते? विकून टाकू." मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. लॅपटॉप माझ्या टेबलावर होता आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची.

भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी एकच वाक्य ऐकवलं. जगाच्या गाड्यांचे धोक्याचे दिवे वाचणाऱ्याला स्वतःचा दिवा पेटलेला कळला नाही. मान हलवत, हळहळून म्हणायचे. एक-दोनदा ऐकून घेतलं, मग नाही राहवलं. म्हटलं, कळला होता. पहिल्या रिपोर्टपासून सगळं कळलं होतं त्यांना. एक डायलिसिस चुकवलं नाही. डॉक्टरांना नीट प्रश्न विचारायचे आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकायचे. काही दुखणी वेळेवर कळूनही बरी होत नाहीत. त्या सेवच्या पुडीचं मी कोणाला सांगितलं नाही.

आपलं काम कसं सुरू झालं, आठवतंय? माझं ऑफिस इंदूरच्या विजय नगरातून बंगळुरूला हललं. आम्हा जुन्या लोकांना हार-तुरे देऊन घरी पाठवलं. मी सकाळी नऊला तयार होऊन डायनिंग टेबलाशी बसायची आणि काय करावं ते कळायचं नाही. एक दिवस तुम्ही तुमचा फोन माझ्यापुढे ठेवलात. "वहिनी, हा सांभाळा जरा. मी गाडीखाली वाकलेला असतो आणि हा बोंबलतो." तेव्हा तुम्ही वर्कशॉपची नोकरी सोडून स्वतःचं काम काढलं होतं. कोणी जुनी गाडी घ्यायची ठरवली की तुम्हाला बोलावणार, तुम्ही जाऊन स्टिअरिंगखालच्या खाचेत केबल लावणार, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि गाडीत काय काय बिघडलंय ते तिच्या कॉम्प्युटरकडूनच काढून घेणार. मी फोन घ्यायचे, वेळा ठरवायचे, पत्ते लिहून घ्यायचे. तुम्ही एकाच सकाळी राजवाडा आणि पार लांबचं निपानिया दोन्हीकडे जातो म्हणून कबूल करून बसायचात. त्या सवयीला मी आठवडाभरात आळा घातला.

पहिल्यांदा तुमच्याबरोबर आले ती कसली तरी पांढरी गाडी होती. स्क्रीनवर एकही फॉल्ट नाही. मी म्हटलं, "वा, छान गाडी आहे." तुम्ही मालकासमोर काही बोलला नाहीत. बाहेर आल्यावर म्हणालात, "इतकी साफ गाडी असते का कधी? कोणीतरी कालच पुसलंय." मग चहाच्या टपरीवर समजावून सांगितलंत. गाडी चालता चालता आपल्या आपण काही तपासण्या करत असते. कोणी फॉल्ट पुसून टाकले की त्यांच्याबरोबर त्या तपासण्यांची नोंदही जाते, आणि मग बरंच पळल्याशिवाय त्या पुन्हा पूर्ण होत नाहीत. पुसणाऱ्याला फॉल्ट पुसता येतात, पण पुसलं आहे हे लपवता येत नाही. मी म्हटलं, "मग सरळ सांगायचं ना मालकाला." तुम्ही म्हणालात, "सांगायचं घेणाऱ्याला. विकणाऱ्याला माहीतच असतं."

मग तुमचं आजारपण आलं आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. सकाळी दादा तुम्हाला आपल्या गाडीने पोचवून गाडी तिथेच ठेवायचे, मी मागून डबा घेऊन रिक्षाने यायचे. चार-चार तास त्या मशीनला जोडलेले असायचात. एक हात सुयांमुळे हलवायचा नाही, दुसरा तुम्हाला स्वस्थ ठेवता येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही डायलिसिसच्या मशीनकडे बघत टेक्निशियनला विचारलंत, "भिया, याचं केबल लावायचं पोर्ट कुठे असतं?" तो बिचारा हसावं की नाही या पेचात. मग म्हणाला, "अंकल, आप पहले पेशेंट हो जो ये पूछ रिये हो."

लहान लॅपटॉप तुम्ही तेव्हाच मागवलात. जुना फार जड, वहिनींना उचलायला नको, असं दादांना सांगितलंत. मला वेगळं काहीतरी कळलं होतं, पण मी तेव्हा फक्त चार्जर घेतलाय का एवढंच विचारलं.

ते सॉफ्टवेअर घालणं! एका हाताचा माणूस सांगतोय आणि दोन हातांच्या बाईला काही कळत नाहीये. मी सूचना वाचून आधीच क्रम लिहून आणला होता. तुम्ही तो कागद बघितलात आणि म्हणालात, "तीन नंबर आधी करायचा, एक नंबर नंतर. सही लिहिलंय सगळं, बस उलटं." केबल ओळखणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आधी, केबल नंतर. मी केबल आधी लावून बसले होते, त्यामुळे लॅपटॉपने तिला भलतंच काही समजून ठेवलं होतं. ते काढा, पुन्हा चालू करा, पुन्हा घाला. मग अँटिव्हायरसने एक फाइल उडवली. ती त्याला विषाणू वाटली. तुम्ही म्हणालात, "इंदूरचा दिसतो, बाहेरच्याला लगेच ओळखतो." मग केबलला जो पोर्ट नंबर मिळाला तो सॉफ्टवेअरला चालेना. "डिव्हाइस मॅनेजर उघडा. पोर्ट्स. उजवं क्लिक. उजवं, वहिनी, उजवं." शेजारच्या पलंगावरच्या आजी रोज विचारायच्या, "बेटा, हुआ क्या आज?" आणि तुम्ही रोज म्हणायचात, "होत आलंय आजी, हो रहा है." त्या बाई मराठी नव्हत्या. तुम्हाला त्याने काही फरक पडत नसे.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी मशीनवरून उठल्यावर तुम्हाला उभं राहवत नव्हतं. तरी घरी जायच्या आधी पार्किंगमध्ये करूनच बघू म्हणालात. तुम्ही मागच्या सीटवर आडवे, हाताला पट्टी. मी पुढे. केबल खाचेत बसवली. काहीच नाही. "किल्ली फिरवा. इंजिन नाही चालू करायचं, फक्त किल्ली." फिरवली, आणि आपल्याच गाडीच्या ओळी एकेक करून स्क्रीनवर उतरायला लागल्या. तुम्ही मोकळ्या हाताने दारावर थाप मारलीत. "बोलली! वहिनी, बोलली ती तुमच्याशी!"

आणि मग तो चौकोन आला.

"घाला. सुनीता कानडे."

"तुमचं घालते."

"माझं कशाला? मी थोडीच जाणार आता बेसमेंटात वाकायला."

"बरे झालात की जाल."

"वहिनी, तुम्ही पण ना यार."

"खाली लिहिलंय, एकदा घातलं की बदलता येणार नाही."

"म्हणून तर म्हणतोय."

मी झाकण मिटलं. म्हटलं, उशीर झालाय, तुमच्या जेवणाची वेळ टळली. पलासियाच्या सिग्नलला तुम्ही म्हणालात, "दादासारख्याच आहात तुम्ही पण. फक्त तुम्ही काम करता करता गप्प बसता."

दसऱ्याला तुम्हाला ताकद नव्हती, म्हणून हत्यारांची पूजा दादांनी केली. पाने, जॅक, तुमचा जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडून हळद-कुंकू कालवून मनापासून लावलं. दुसऱ्या दिवशी गाडी बोलेना. आपण सबंध दिवस घालवला. सॉफ्टवेअर काढलं, घातलं, ड्रायव्हर काढला, घातला. मी पोर्टांचे नंबर बदलून बदलून दमले. संध्याकाळी तुम्ही केबलचं गाडीकडचं टोक उजेडाकडे धरून पाहिलंत आणि हसायला लागलात. इतके हसलात की खोकला आला. दादांनी केबलला गंध लावलं होतं, तेही नेमकं पिनांवर. सगळ्या पिना लाल. दादा म्हणाले, "मला काय माहीत कुठून आत जातं ते. मी समोरून लावलं." तुम्ही म्हणालात, "बरोबर केलंस दादा, देवालाही समोरूनच लावतो आपण." मग तुम्ही जुन्या टूथब्रशने एकेक पिन साफ केलीत. त्या दिवसांत तुम्ही असे खळाळून हसलेले मला फार वेळा दिसला नाहीत.

त्यानंतर चौकोनाची आठवण तुम्ही येता-जाता करून द्यायचात. पलंगावर पडल्या पडल्या, "भरला का?" मी म्हणायची, "बघू." तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या यादीतलं काम आठवडा ओलांडत नाही. हे एक दर सोमवारी मी पुढच्या पानावर लिहीत राहिले. तुम्ही शेवटचे हॉस्पिटलात गेलात तेव्हा मी लॅपटॉप घेऊन आले नाही. मुद्दाम. तुम्ही विचारलं नाहीत. मुद्दामच, असं मला वाटतं.

तुमचा फोन मी चार्ज करून ठेवते. मागच्या आठवड्यात त्याच्यावर एका मुलीचा फोन आला. पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, तिला स्वतःला रोज लांब पीथमपूरला कामाला जायचं असतं म्हणून जुनी गाडी बघितली होती. साठवलेलं होतं ते सगळं त्यात जाणार होतं. तिला कोणीतरी तुमचा नंबर दिला होता. मी म्हटलं, ते वारले. ती किती वेळा सॉरी म्हणाली. "मग तुमच्या ओळखीचं दुसरं कोणी आहे का हो, काकू?"

मी म्हटलं, "मी येते."

दादा समोर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. निघताना मात्र माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवलेली होती.

विजय नगरातल्या एका बिल्डिंगचं बेसमेंट. ती मुलगी, तिचा नवरा आणि गाडीचा मालक, बोटात अंगठ्या घातलेला गोड बोलणारा माणूस. ते दोघं इतकं स्वच्छ मराठी बोलत होते की मला माझ्या बोलण्यातलं हिंदी ऐकू यायला लागलं. मालक म्हणाला, "मैडम, आप चेक करोगे? भैया नहीं आए?" मी म्हटलं, "मीच करते." केबल लावली. किल्ली फिरवली. बोलली.

एकही फॉल्ट नाही. आणि तपासण्यांच्या पानावर एकीचीही नोंद पूर्ण नव्हती.

मी मालकाला विचारलं, गाडी रोज चालते ना? "रोज मैडम, बच्चों को स्कूल इसी में छोड़ता हूँ." म्हटलं, मग हे सगळं अर्धवट कसं? तो थांबलासुद्धा नाही. "बैटरी बदली ना परसों. बैटरी निकालो तो सब उड़ जाता है, ये तो आपको पता होगा."

भाऊजी, हे खरं आहे. बॅटरी काढली तर असं होऊ शकतं. तुम्हीच सांगितलेलं. तुम्हाला फोन लावावा असं वाटलं, आणि तुमचा फोन तर माझ्याच पर्समध्ये होता. मग बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमलेला होता, तारेच्या पकडीवरून बोल्टवर एकसंध पसरलेला. पाना लागला असता तर तो फुटला असता. बॅटरीवरच्या धुळीलासुद्धा बोट लागलेलं नव्हतं.

मी त्या मुलीकडे वळले. "ही घेऊ नका. यातलं काहीतरी नुकतंच पुसलंय. काय पुसलंय ते मला आज दिसत नाही, पण पुसलंय हे नक्की. आणि कारण खोटं सांगताहेत."

मालकाचा आवाज चढला. "अरे मैडमजी, क्या बात कर रिये हो आप! ऐसे कैसे बोल दिया? लिख के दो. किसके नाम से बोल रहे हो, वो लिख के दो."

बरोबरच होतं त्याचं. लॅपटॉप मी त्याच्याच बॉनेटवर ठेवला आणि रिपोर्ट काढायला गेले. चौकोन आला. ती मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती, तो समोर हात बांधून उभा. तुमचं नाव घालण्याचा विचार आला नाही असं नाही. पण तुम्ही ती बॅटरी पाहिली नव्हती. बघितली होती मी, बोलले होते मी, आणि उद्या हा माणूस भांडायला आला तर दार मीच उघडणार होते. मी माझं नाव घातलं. सावकाश, एकेक अक्षर, स्पेलिंग दोनदा वाचून. मोबाइलचं इंटरनेट जोडून नोंदणी केली आणि रिपोर्ट त्या मुलीला पाठवला. मालकालाही पाठवला. तो वाचून म्हणाला, "सुनीता कौन?" मी म्हटलं, "मी."

बिल्डिंगबाहेर त्या दोघांनी मला चहा पाजला. मुलगी म्हणाली, "काकू, अजून एक गाडी बघितलीय आम्ही. रविवारी याल?" मी डायरी काढून वेळ लिहून दिली.

मग आपल्या गाडीत येऊन बसले आणि निघताच आलं नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी झाकण का मिटलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझं नाव घालणं म्हणजे तुम्ही परत येणार नाही असं मान्य करणं, असंच तुम्हाला वाटलं असणार. दादांनाही तेच वाटतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तुम्ही असताना मला बोलता आलं नसतं, तुमच्या त्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत तर मुळीच नाही.

मी घरी बसवलेली बाई होते, भाऊजी. तुमच्या आजारपणाने मला स्वतःचं काम दिलं. तुम्ही त्या पलंगावर जिवाला कंटाळून पडलेले असायचात आणि मी सकाळी उठून, डबा भरून, लॅपटॉप पिशवीत घालून तुमच्याकडे यायला निघायची ती खुशीत. रिक्षात बसल्यावर स्वतःचीच लाज वाटायची, आणि तरी खुशी जायची नाही. तो चौकोन भरला असता तर ती खुशी सगळ्यांना दिसली असती. मला तुम्ही बरे व्हायला हवे होतात. अगदी मनापासून हवे होतात. आणि हे काम माझ्याकडेच राहायला हवं होतं. दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एकत्र मिळणार नव्हतं.

तुम्हाला हे कळलं होतं का, कोण जाणे. पण इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे हट्टाने एकच गोष्ट मागितलीत, आणि ती मलाही मनातून द्यायचीच होती.